जखमेच्या कडेची साय

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यातलंही अर्धं मेंढरांमागे गेलं. तरी हे मीच लिहिलं आहे, कानामात्रा तेवढ्या सुनेने बघितल्या. पायाला पट्टी बांधून दवाखान्याच्या बाकड्यावर बसलेला माणूस मनात काय म्हणतो ते मला ठाऊक आहे. तो म्हणतो, डॉक्टरला काय कळतंय, पाय माझा आहे. मीही तेच म्हणत होतो. त्या माणसासाठी हे लिहितो. पटलं तर घ्यावं, नाही तर सोडावं. मी कुणाचं ऐकणारा असतो तर लिहायची वेळच आली नसती.

काटा

आमचं गाव सांगोल्याच्या बाजूला, माळावर. बापाने मेंढरं राखली, मी राखली. माळावर बाभळीचा काटा असतो आणि तो पायताणाला जुमानत नाही. जन्मभर काटे काढले. पण अलीकडे काटे दुखेनासे झाले. रुतलेला काटा अंथरुणावर पडल्यावर दिसायचा, तोवर पत्ता नसायचा. मला त्याचा अभिमान वाटे. चावडीवर बसून सांगायचो, "आमचा पाय आता काट्याला भीत न्हाय. काटाच आमच्या पायाला भितो." लोक हसायचे. बरं वाटायचं.

एका सकाळी आमची मंडळी, हौसाबाई, सोप्यात झाडत होती. झाडता झाडता थांबली.

"अवो, ह्ये वल्लं पाऊल कुणाचं? उजवंच तेवढं उमटलंय."

पावलाच्या मागे मागे ती माझ्या बाजेपर्यंत आली. तळवा उचलून बघितला. अंगठ्याखालच्या उशीत काटा मोडून राहिला होता. भोवती रुपयाएवढं भोक पडलं होतं आणि त्यातून पाणी येत होतं.

"दुखत न्हाय?"

"न्हाय की."

"दुखायला पायजे हुतं," ती म्हणाली आणि सोलापूरला मुलाला फोन लावायला उठली. घरात पहिलं निदान तिचं झालं. पुढे डॉक्टरने तेच सांगितलं, फक्त यंत्रं लावून.

लावा की

मुलगा दत्ता टॉवेलच्या कारखान्यात आहे. तो सुट्टी टाकून मला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर तरुण, पण घाई नसलेला. त्याने एक जाड दोऱ्यासारखी काडी काढली आणि म्हणाला, "आजोबा, डोळे मिटा. पायाला लागलं की 'हो' म्हणायचं."

मी डोळे मिटले. वाट बघितली. कुणी काही करेना.

"लावा की," मी म्हणालो.

उत्तर आलं नाही. परत म्हणालो, "लावा की आता, किती वेळ?"

"आजोबा, लावून झालं. दोन्ही तळवे झाले."

डोळे उघडले तर दत्ता भिंतीकडे बघत होता. काटा माझ्या पायाला भीत नव्हता. पायालाच काटा कळत नव्हता.

मग रक्त काढलं. साखर निघाली. ती कधीपासून होती ते कुणालाच सांगता येईना. मी म्हणालो, गोड मी सणालाच खातो. डॉक्टर म्हणाला, "चहा दिवसातून किती?" मी आठवू लागलो तर दत्ता म्हणाला, "आबा, मोजू नका. तपासणीची वेळ संपंल."

डॉक्टरने शेवटी सरळ सांगितलं. जखम साफ करू, औषध देऊ, भार द्यायचा नाही. जखम मिटली तर चांगलंच. मिटली नाही आणि हाडाला लागली तर पाय काढावा लागेल. मी विचारलं, कुठपर्यंत. त्याने स्वतःच्या पँटवर गुडघ्याखाली बोट ठेवलं.

 बाहेर आल्यावर दत्ताने चहा विचारला आणि विचारून झाल्यावर त्याच्याच लक्षात आलं. दोघेही तसेच उभे राहिलो.

खाट

दवाखान्यातलं फार सांगण्यासारखं नाही. जखम कापून साफ केली. पोटात सुई टोचायची, ती मी शिकलो. मेंढरांना टोचत आलो आहे, त्यात काय. लाज मात्र भांड्याची वाटली. लघवीचं भांडं मी नाकारलं आणि एका पायावर उड्या मारत संडासापर्यंत गेलो. सिस्टरने दारातच धरलं. "आजोबा, हा दवाखाना आहे, लंगडी खेळायचं मैदान नाही!" सगळा वॉर्ड हसला. मीही हसलो, पण भांडं घेतलं नाही. शेवटी हौसाबाईने लुगड्याचा आडोसा धरला तेव्हा घेतलं.

ती खाली सतरंजीवर बसून हाताला चाळा म्हणून लोकर कातायची. लोकरीचे केस उडतात म्हणून तेही बंद करायला लावलं. मग ती नुसती बसून राही. कडक भाकरी मोडून माझ्या ताटलीत टाके. ज्वारीची भाकरी साखरेला चालते असं डॉक्टरने सांगितलं तो दिवस आमच्या दोघांच्या दृष्टीने चांगला गेला.

बापाचा नियम

दवाखान्यातून मी दत्ताच्या घरी आलो. दोन खोल्या, वर गच्ची. एक दिवसाआड ड्रेसिंगला जायचं. पाय जमिनीला लावायचा नाही.

आता एक गोष्ट सांगतो, कारण सगळं तिच्याभोवतीच आहे.

मेंढराला जखम झाली तर माशी बसते, अंडी घालते, किडे पडतात. वरून कातडं मिटलं तर आत नासतं आणि मेंढरू जातं. म्हणून जखम वरून मिटू द्यायची नाही. रोज उघडायची, कडा खरवडायच्या, बुडापासून भरून येऊ द्यायची. माझा बाप म्हणायचा, "पांढरं दिसलं की काढ, लाल दिसलं की सोड." या नियमाने आम्ही किती मेंढरं वाचवली त्याला हिशेब नाही.

तर मी तेच केलं. दत्ता पाळीवर, सून तिच्या कामाला आणि हौसाबाई पाण्याला गेली की बसल्या बसल्या सरकत गच्चीच्या पायरीवर जायचो. पट्टी सोडायचो. मेंढरांची खुरं साळायची माझी लहान सुरी गॅसवर तापवून गार करायचो. जखमेच्या कडेला रोज थोडी पांढरट साय धरलेली असे. ती सगळी खरवडून काढायचो. दुखत नव्हतं, हा मोठाच फायदा. मग पट्टी होती तशी बांधायचो. लोकरीचे गठ्ठे बांधलेला हात, पट्टीत काय अवघड.

लपवतो आहे असं मला वाटतही नव्हतं. डॉक्टर त्याचं काम करतो, मी माझं करतो, एवढंच. सांगितलं नाही, कारण विचारलं नाही.

डॉक्टर प्रत्येक वेळी पट्टी सोडून म्हणे, "इतकी स्वच्छ जखम मी बघितली नाही." मला वाटे, बघणार कुठून. मग जखम मापून म्हणे, "पण ही हलत का नाही?" साखर उतरली होती. पायात रक्त खेळत होतं. पू नव्हता. तळ भरून आला होता. कड मात्र जिथल्या तिथे.

कधी पट्टीला ताजं रक्त दिसायचं. डॉक्टर विचारी, "चाललात का?"

"न्हाय."

"चालले असतील, डॉक्टर," दत्ता म्हणे. "ते कुठं कुणाचं ऐकतात."

यावरून घरात भांडणं झाली. एकदा दत्ता म्हणाला, "आबा, तुमाला पाय नको असंल तर तसं सांगा. मी तरी सुट्ट्या टाकायच्या थांबतो." मी त्याच्याशी बोलणं टाकलं. कारण मी खरंच चाललो नव्हतो. माझ्यावर खोटा आळ आला होता आणि त्याचा मला फार राग होता.

मी, काचेच्या ताटलीत

शेवटी डॉक्टर म्हणाला, पेशीच थकल्या असतील. पेशी म्हणजे ज्या बारक्या बारक्या जिवांचं आपलं अंग बनलं आहे ते. जखमेच्या कडेचा तांदळाएवढा तुकडा काढून तपासायला हवा. त्यातलाच थोडा भाग एका मुलीला तिच्या अभ्यासासाठी द्याल का, असं त्याने विचारलं. अंगठा पुढे केला जाईल म्हणून सिस्टरने शाईची डबी आणली होती. मी सही केली.

ती मुलगी म्हणजे पद्मा. घर विणकरांचं, घरात तेलुगू. तिच्या आजोबांचाही पाय साखरेने गेला होता. मला ती पहिल्याच दिवशी 'ताता' म्हणाली. त्यांच्यात आजोबांना तसं म्हणतात. मी नाव सांगणार होतो, पण राहू दिलं.

काही आठवड्यांनी तिने बोलावलं. चाकाच्या खुर्चीत बसणार नाही म्हणालो. ती म्हणाली, "ताता, लांब आहे आणि पाय टेकला तर डॉक्टर मला ओरडतील." तिला ओरडा बसू नये म्हणून बसलो.

खोली थंड होती. एका कपाटासारख्या पेटीत मात्र अंगाएवढी ऊब ठेवली होती. आत काचेची ताटली, तिच्यावर कॅमेरा. पडद्यावर राखाडी रंगाचं काहीतरी होतं, फरशी बसवल्यासारखं, एकाला एक चिकटून.

"ह्ये काय?"

"तुम्ही."

"मी?"

"तुमच्या पायाची कातडी. मेलेली नाही हं, जिवंत आहे. खाते, पिते, वाढते."

मी माझ्या पायाकडे बघितलं, मग पडद्याकडे. विचित्र वाटलं. मी खुर्चीत आणि माझा एक तुकडा पेटीत, मला न विचारता जगतो आहे.

पद्माने सांगितलं, या थराच्या मधोमध तिने बारीक टोकाने एक रेघ ओढली आहे. म्हणजे जखमच केली. मग कॅमेऱ्याने थांबून थांबून फोटो काढले. ते आता एकामागे एक पळवायचे, म्हणजे दिवसभराचं चालणं चहा पिण्याइतक्या वेळात दिसतं.

तिने पळवले.

मधली पट्टी मोकळी होती. दोन्ही काठांवरच्या पेशींनी पदर पसरावा तसा पुढे एक पातळ पापुद्रा पसरला. पुढे केला, मागे घेतला, परत पुढे केला. मग त्याच्यावर अंग ओढून घेतलं. मागच्या त्यांना धरूनच होत्या, त्याही ओढल्या गेल्या. एक जरा एकटीच पुढे सुटली, घुटमळली, मग बाकीच्यांनी तिला गाठलं. कापणी झालेल्या रानात मेंढरं सोडली की बांधापासून कळप आत पसरत जातो, तसं ते होतं.

"पुढारी कोण ह्यांच्यात?"

"कुणी नाही. ज्याच्यापुढं मोकळी जागा, तो पुढं."

"डोळं हायत का ह्यास्नी?"

"नाहीत."

"मग कुटं जायचं ते कसं कळतं?"

"आपल्या एका बाजूला शेजारी नाही, एवढं कळतं, ताता. ज्या बाजूला शेजारी नाही, तिकडं सरकायचं."

दोन्ही काठ जवळ आले. मधली पट्टी दोऱ्याएवढी झाली. मग नाहीशी झाली. पुढे कुणी हललं नाही.

"थांबल्या की."

"शेजारी भेटला ना."

पद्मा खुर्ची माझ्याकडे फिरवून बसली. "आता माझी अडचण सांगते. डॉक्टरांना वाटलं होतं पेशी थकल्यात. पण बघितलंत, झकास चालतायत. आता पायावरचं सगळंच ताटलीसारखं नसतं, हे मला मान्य आहे. तिथं साखर आहे, भार आहे. तरी थोडी तरी कड सरकायला हवी. कडेला दुधावरच्या सायीसारखं पातळ, पांढरट दिसायला लागलं की आम्ही समजतो, कातडी निघाली चालायला. तुमच्या जखमेला ते डॉक्टरांना एकदाही दिसलेलं नाही."

मी म्हणालो, "परत लावा."

तिला वाटलं, मला आवडलं. तिने परत लावलं. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. हात मांडीवर होते. उजव्या हाताच्या अंगठ्याला सुरीचा घट्टा आहे, तो चोळत बसलो.

"ही कड कुणी रोज खरवडली तर?" मी विचारलं.

"रोज?" ती हसली. "मग रोज पहिल्यापासून. मीच बघा ना, ही रेघ परत परत ओढत राहिले तर ती कधीच मिटणार नाही. पेशी बिचाऱ्या दर वेळी निघतील, पण पोचायच्या नाहीत."

टेबलावर

त्या दिवसापासून सुरी लावली नाही. सांगितलंही नाही. म्हणालो, आता लावत नाही, मिटेल आपोआप, कुणाला कळायची गरज काय. म्हाताऱ्या माणसाने आपली चूक पोरांपुढे मांडावी असा नियम मला कुणी शिकवलेला नव्हता.

पण पुढच्याच खेपेला डॉक्टरने पट्टी सोडली, जखम मागच्या मापाशी ताडून बघितली आणि खुर्ची ओढून आमच्यासमोर बसला. डॉक्टर उभ्याने बोलायचा थांबला की समजावं.

"आजोबा, मी बरीच वाट बघितली. सगळं चांगलं असूनही जखम मिटत नाही. हाडाला लागायच्या आत पाय काढला तर कमी काढावा लागेल. मला वाटतं, आता तारीख ठरवू."

हौसाबाई खाली बसली होती, ती उठून उभी राहिली. दत्ता म्हणाला, "करा, डॉक्टर. घरात चालत्यात ते. आमी तरी किती राखण करायची?"

"चाललो न्हाय मी!"

"मग रक्त कुठनं येतंय, आबा? सांगा की!"

सांगायचं नव्हतं. पण न सांगावं तर डॉक्टरचा हिशेब चुकीच्या गोष्टीवर चालला होता. पाय जाणार होता तो साखरेने नाही, माझ्या गप्प बसण्याने. मी बंडीच्या आतल्या खिशातून सुरी काढली आणि टेबलावर ठेवली.

"ह्येच्यानं. कडंची साय काढत हुतो. रोज."

 बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला.

"का?" डॉक्टरने विचारलं.

"मेंढराला काढतो म्हणून."

दत्ता तोंड उघडून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आबा, तुमी मेंढरू हाय का?"

"मेंढरू असतो तर एवढी औषधं खाल्ली नसती," मी म्हणालो. त्याच्याशी कितीतरी दिवसांनी बोललो ते हे.

डॉक्टर हसला नाही. त्याने बॅटरी घेतली, भिंग घेतलं आणि तळव्याशी वाकला. बराच वेळ तसाच होता. मग विचारलं, "सुरी शेवटची कधी लावली?"

"पद्मानं पिक्चर दावला, त्या दिवशी सकाळी."

"इकडे या," त्याने दत्ताला बोलावलं. "ही बाजू बघा. पातळ, पांढरट. दिसतंय? मापात धरण्याइतकी नाही, पण आहे."

दत्ता वाकला. पाय लांब केलेला, मला स्वतःचा तळवा दिसत नव्हता, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. माझा घोटा त्याने धरला तो सोडला नाही. घोट्यापाशी मला अजून कळतं.

डॉक्टरने तारीख ठरवली नाही. "एक संधी देतो," म्हणाला. "पण पट्टीला हात लागला तर मला सांगायला येऊ नका."

टेबलावरची सुरी हौसाबाईने उचलली, पदराला पुसली आणि चंचीत टाकली. पान-सुपारीच्या चंचीत. मी बघत राहिलो. ती सुरी माझ्या बापाची.

मिटणं

मिटायला वेळ लागला. पडद्यावर चहाच्या वेळात झालं ते पायावर उन्हाळा संपेपर्यंत चाललं. मधे एकदा कड अडली, डॉक्टरने त्याच्या हत्याराने तळातलं घट्ट झालेलं खरवडलं. मी म्हणालो, "आता तुमी कसं खरवडता?" तो म्हणाला, "मी मेलेलं काढतो आजोबा, तुम्ही जिवंत काढत होता." मी यावर अजून विचार करतो. बापाचा नियम चुकीचा नाही, हे मी आजही सांगतो. रानात माशी असते, पट्टी नसते. माझ्या पायाला पट्टी होती, माशी नव्हती. नियम बरोबर होता, मी जनावर चुकीचं निवडलं.

पायाची जाणीव परत आली नाही. ती येणार नाही असं सांगितलं आहे. ज्यांना साखर आहे त्यांनी रोज आरशात तळवा बघावा. काटा दुखत नाही म्हणून मिरवू नये, मीही आता मिरवत नाही. आणि घरात पट्टीखाली काही करत असाल तर डॉक्टरला सांगावं. सांगताना जीव जात नाही. मला वाटलं होतं जाईल.

जखम मिटल्यावर पद्माला पाय दाखवायला गेलो. तिने वाकून बघितलं, मोबाइलवर फोटो काढला.

"आणि माझं त्ये ताटलीतलं?" मी विचारलं.

"गोठवून ठेवलंय, ताता. झोपल्यात सगळ्या. परत ऊब दिली की उठतील आणि चालायला लागतील."

"मी गेल्यावर बी?"

"गेल्यावर पण."

 मग म्हणालो, "तवा त्यास्नी कुणी सुरी लावू नको म्हणावं."

"रेघ तर मलाच ओढायची असते," ती म्हणाली.

"एकदाच वढ मग."

आता मी गावी असतो. मेंढरं थोडीच ठेवली आहेत, माळावर पुतण्या नेतो. मी डॉक्टरने करून दिलेल्या खास मऊ चपला घालून मेंढरांच्या वाड्याच्या तोंडाशी बसतो. मागच्या आठवड्यात एका मेंढीच्या मानेला कुंपणाची तार लागली. जखम जुनी होती, माशी बसलेली. मी हौसाबाईला हाक मारली, तिने चंची उघडली आणि सुरी काढून माझ्यापुढे धरली. पण लगेच सोडली नाही.

"मेंढराला हाय," ती म्हणाली. "तुमाला न्हाय."

"व्हय."

मी मेंढी गुडघ्यात धरली, कडा साफ केल्या, औषध भरलं. पांढरं काढलं, लाल ठेवलं. ती शेजारी उभी राहून बघत होती. काम झाल्यावर तिने हात पुढे केला.

मी सुरी पुसली आणि दिली.